पोरीच्या हातचं पाणी

मे महिन्यात आमच्या घरी पाण्याचा कॅन येणं यात नवल काही नाही. उत्तर नागपुरात उन्हाळ्यात नळ रुसला की सगळेच कॅन आणतात. पण त्या सकाळी माझी मुलगी चेन्नईच्या गाडीतून उतरली ती पाठीवर बॅग आणि हातात निळा कॅन घेऊन, आणि रिक्षात बसल्यावर तो कॅन तिने तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेतला. मी म्हटलं, पायाशी ठेव, तुला जड होईल. तर म्हणाली, "पायाशी नको आई. हे मी बनवलेलं पाणी आहे."

माझी मुलगी इंजिनियर आहे. दक्षिणेत समुद्रकाठी एक अणुवीज केंद्र आहे. तिथे भट्टीची वाया जाणारी उष्णता वापरून समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करतात, त्या विभागात ती काम करते. आज मी हे सरळ दोन वाक्यांत लिहिते आहे, पण नातेवाइकांना सांगताना मी कायम अर्ध्यावर सोडून द्यायची. "पाण्याच्या कामात आहे" म्हटलं की लोकांना वाटायचं टँकर सोडते. "अणू" म्हटलं की चेहरे पडायचे आणि पुढचा प्रश्न तिच्या लग्नाचा यायचा. म्हणून समोरचा माणूस बघून मी एकदा हे सांगायची, एकदा ते. शेवटी कोणाला काय सांगितलं याचा मलाच पत्ता राहिला नाही.

रिक्षात मी विचारलं, एवढं ओझं कशाला आणलंस. ती म्हणाली, तुम्हा सगळ्यांना प्यायला. सगळ्यात आधी तुला. मी म्हटलं, घरी गेल्यावर बघू. ती बाहेर बघायला लागली. गड्डीगोदामला आमच्या घरापाशी रिक्षा थांबली, तेव्हा कॅन तिनेच उतरवला.

गोष्ट तेवढीच आहे. मला माझ्या पोरीच्या हातचं पाणी प्यायचं होतं, आणि ते माझ्याच्याने होईना.

आता यात हसण्यासारखी बाब अशी की मी शाळेत भूगोल शिकवते. जलचक्र हा माझा हातखंडा धडा. निळ्या खडूने समुद्र, पिवळ्याने सूर्य, वर जाणारे बाण, पांढऱ्या खडूने ढग. समुद्राचं पाणी तापतं, त्याची वाफ होते, मीठ खालीच राहतं, म्हणून पाऊस गोडा असतो. मुलांच्या किती तुकड्यांकडून मी हे घोकून घेतलं असेल. तीच गोष्ट माझ्या पोरीने नळ्यांमध्ये करून एका कॅनमध्ये भरून आणली, तर तो कॅन घरात कुठे ठेवायचा हेच मला सुचेना. ओट्यावर ठेवला तर हात लावायला कचरू लागले. बाल्कनीत ठेवला तर ऊन. चपलांच्या रॅकजवळ ठेवला तर पोरीचा अपमान. शेवटी दिवाणखान्यात बुद्धमूर्तीच्या टेबलाखाली ठेवला. तिथे ठेवलेल्या गोष्टीला आमच्या घरी कोणी नाव ठेवत नाही.

त्या दुपारी मी कुकर लावत होते तेव्हा ती ओट्याला टेकून मला समजावायला लागली.

"आई, कुकरच्या तळाशी पाणी आहे ना? ते उकळून राहिलं. वर डब्यात वरण आहे. वरण शिजते, पण खालचं पाणी वरणात जाते का? आमचंही तसंच आहे. भट्टीचं पाणी वेगळं, समुद्राचं वेगळं. दोघांची भेट नाही होत. गरमी तेवढी इकडून तिकडे जाते."

"माझ्या कुकरमध्ये जाते," मी म्हटलं. "भातात कितीदा पाणी शिरते. तूच तर ओरडतेस गिच्चा भात झाला म्हणून."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने पहिल्यापासून सुरुवात केली. तिथे एकच भिंत नसते, मधे पाण्याची आणखी एक बंद फेरी असते, आणि तयार झालेलं पाणी रोज तपासलं जातं. तुझ्या कुकरला रोज कोण तपासतं, असं तिने विचारलं. कोणीच तपासत नाही, हे मला मान्य करावं लागलं. पुढे म्हणाली, चक्कीवर पीठ दळून झालं तरी जातं गरम राहतं ना, तशी वीज करून झाल्यावरही पुष्कळ गरमी उरते. ती एरवी समुद्रात सोडून द्यायची. त्या उरलेल्या गरमीने पाणी उकळायचं नाही, पण भांड्यातली हवा ओढून घेतली की पाणी कमी गरमीतही उकळतं. उंच डोंगरावर पाणी लवकर उकळतं हे तर मीच शिकवते. तेव्हा समजण्यात माझी अडचण कुठेच नव्हती. मी मान हलवत होते, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले. वरण खाली लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला गच्चीवर घेऊन गेली. आमच्या गच्चीवरून उत्तरेला औष्णिक वीज केंद्राचे पाणी थंड करायचे रुंद पोटाचे मनोरे दिसतात, आणि त्यांच्यावर पांढरी वाफ. ती लहान असताना विचारायची, आई, ढग तिथंच बनतात का? मी मास्तरणीच्या तोऱ्यात सांगायची, ढग नाहीत ते, ती वाफ आहे, वाया जाते. त्या सकाळी ती म्हणाली, "तू म्हणायचीस वाया जाते. मले तेव्हापासून वाटे, काहून जाऊ देतात?"

म्हणजे त्या कॅनची सुरुवात माझ्याच तोंडून झाली होती. यावर मी खूश व्हावं की घाबरावं हे मला कळेना. मी वाळत घातलेले कपडे काढायला लागले. ते अजून ओलेच होते.

माझ्या मिस्टरांचा प्रश्न मात्र परस्पर सुटला. मुलीने कॅनमधलं थोडं पाणी एका काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवलं होतं, माझ्यासाठी. आमच्या मिस्टरांना फ्रीजमधली जी बाटली हाताला लागेल ती तोंडाला लावायची सवय. त्यांनी ऑफिसातून आल्या आल्या ती उभ्यानेच रिकामी केली आणि मग विचारलं की आज पाणी असं मिळमिळीत का लागतं. कशाचं होतं ते कळल्यावर ते रात्रभर पोटाला हात लावून बघत होते. दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही म्हटल्यावर शास्त्रज्ञाच्या थाटात मला सांगू लागले, घाबरू नकोस, मी घेऊन बघितलं आहे.

आता माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. मी त्यांना मामाजी म्हणते, मुलगी आबाजी म्हणते. ऐंशी ओलांडलेले, गिरणीतून निवृत्त. त्यांचं लहानपण भिवापूरकडच्या एका खेड्यात गेलं. तिथल्या विहिरीवर त्यांच्या आईला दोर लावू देत नसत. ती घागर घेऊन बाजूला उभी राहायची, कोणाला दया आली की वरून ओतायचे. तहानलेल्या पोराला पाणी मिळायचं ते ओंजळीत, वरून, अंतर ठेवून. बापाचं बोट धरून ते नागपुरात दीक्षेला आले आणि मग इथलेच झाले. ते ओंजळीने पाणी पीत नाहीत. नळावरही नाही. आणि कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी पाणी मागतात. चहा मागाहून. पाणी कशातून येतं, किती येतं, देणारा कसा देतो, हे बघतात आणि मग बसतात.

मला बघायला आले तेव्हाही दारातच पाणी मागितलं होतं. मी घाबरून पेला एवढा काठोकाठ भरला की त्यांच्या धोतरावर सांडला. आमच्या घरचे ओशाळले. मामाजी मात्र मध्यस्थाला म्हणाले, घर चांगलं आहे, भरून देते. आमचं लग्न त्या सांडलेल्या पाण्यावर ठरलं असं मिस्टर अजून म्हणतात.

त्याच मामाजींना गेल्या हिवाळ्यात मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी पाणी बांधून दिलं. दिवसाला एक स्टीलची बाटली, त्यापलीकडे थेंब नाही. सकाळी मी ती भरून त्यांच्या खाटेजवळ ठेवते. जगभर पाणी मागत फिरलेला माणूस नागपूरच्या उन्हाळ्यात घोट घोट पुरवून पितो, आणि कधी तक्रार करत नाही. मला मात्र ती बाटली भरताना रोज वाईट वाटतं.

त्यांनी कॅनची चौकशी केली ती थोडक्यात.

"समुद्राचं?" त्यांनी नातीला विचारलं.

"हाव, आबाजी."

"अन् मीठ कुठं गेलं?"

"परत समुद्रातच सोडतो."

त्यांनी कॅनकडे पुष्कळ वेळ बघितलं आणि कूस बदलून झोपले. पाणी मागितलं नाही. जो माणूस परक्याच्या दारात पाणी मागतो त्याने नातीचं पाणी मागितलं नाही, याचा मी एकच अर्थ लावला: तेही भ्याले. खरं सांगते, मला बरं वाटलं. या घरात मी एकटी भित्री नव्हते.

मुलीच्या सुट्टीतच आम्ही परित्राण पाठ ठेवला होता. घराचा वरचा मजला नवीन बांधला होता, त्यासाठी. पाठाला पाण्याने भरलेलं मडकं ठेवतात. त्याच्या गळ्याला पांढरा दोरा बांधून तो बसलेल्या सगळ्यांच्या हातातून फिरवतात, विहारातले भंतेजी पाठ म्हणतात, आणि शेवटी तो दोरा मनगटाला बांधून मडक्यातलं पाणी थोडं थोडं सगळ्यांना प्यायला देतात. मुलीने सुचवलं की या वेळी मडक्यात तिचं पाणी भरावं. मी म्हटलं, भंतेजींना विचारू, ते नाही म्हणतील. भंतेजींनी पाणी स्वच्छ आहे ना एवढंच विचारलं आणि हो म्हणाले. झालं. सगळेच मला अडचणीत टाकायला निघाले होते.

माझी धाकटी जाऊ मागच्या गल्लीत राहते. तिच्या कानावर एखादी गोष्ट गेली की ती गड्डीगोदामपासून जरीपटक्यापर्यंत सगळ्यांची होते. पाठाच्या दिवशी सकाळी पाहुणे आले ते प्रत्येक जण स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. उन्हाळा आहे, बाटली कोण नेत नाही. पण बसल्यावर त्या बाटल्या ज्या तऱ्हेने मांडीशी ओढून घेतल्या गेल्या ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

पाठ छान झाला. भंतेजींचा आवाज, कूलरची घरघर, हातातून हातात गेलेला दोरा. मुलगी मडक्याजवळ बसली होती, पांढऱ्या साडीत, डोळे मिटून. मी तिच्याकडे बघत होते आणि मला तिचा फार अभिमान वाटत होता. त्याच वेळी त्या मडक्याची भीतीही वाटत होती. दोन्ही एकदम वाटत असेल तर त्यातलं खरं कोणतं समजायचं असतं?

पाठ संपला. भंतेजींनी पिंपळाच्या पानाने सगळ्यांवर पाणी शिंपडलं आणि ते वरच्या मजल्यावर भोजनाला गेले, कारण त्यांचं जेवण दुपारच्या आत व्हावं लागतं. पाणी वाटायचं काम मुलीकडे आलं. आमच्या घरची रीत अशी की पहिलं पाणी मामाजींना, त्यांच्या स्वतःच्या वाटीतून. मग बाकीच्यांना तळहातावर. मुलगी वाटी भरून त्यांच्यापुढे वाकली.

मामाजींनी मान हलवली आणि हाताने वाटी बाजूला सारली.

सगळ्यांनी ते बघितलं. मग पाणी पुढे गेलं. लोकांनी तळहात पुढे केले, पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, डोक्यावरून हात फिरवला. कोणी रुमालात टिपलं. एका बाईने ते आपल्या नातवाच्या हातातून हळूच स्वतःच्या पदरात घेतलं. प्यायलं कोणीच नाही. पाठाचं पाणी टाकता येत नाही, आणि हे तर पिताही येत नव्हतं, त्यामुळे सगळे ओले तळहात धरून कुठे पुसावेत याच विवंचनेत होते. माझ्यापर्यंत ती आली तेव्हा वरून कोणीतरी भंतेजींसाठी वरण मागितलं आणि मी उठून गेले. मला हाक आली म्हणून गेले की जायचं होतं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

वर जाऊन मी वरण वाढायला घेतलं. पाणी नाकारलं जाणं आमच्या घराला नवं नाही. पण तेव्हा पाणी त्यांचं होतं आणि ते देत नव्हते. आज पाणी आमच्या पोरीचं, देणारी ती, आणि न घेणारे आमचेच लोक. ही तीच गोष्ट आहे की दुसरीच? ते विटाळाला भीत, हे रोगाला भितात. रोगाला भिणं काही पाप नाही. मग मला एवढा संताप कशाचा येत होता? आणि येत होता तर मी स्वतः उठून का गेले? मी उलटसुलट विचार करत राहिले आणि भंतेजींच्या पात्रात वरणावर परत वरण वाढलं. त्यांनी ते शांतपणे खाल्लं.

खाली आले तर आणखी एक प्रकार झाला होता. मडक्यात पाणी तसंच उरलं होतं. ते मोरीत ओतणं माझ्या जावेला पटेना आणि ठेवून द्यायची तिला भीती वाटत होती. दिवाणखान्यातल्या कूलरचं पाणी संपून तो कोरडाच धडधडत होता. तिने विचार केला, मडकं उचललं आणि कूलरमध्ये रिकामं केलं. पाण्याचा मान राहिला, आणि कोणाला प्यावंही लागलं नाही. ती माझ्याकडे अशा समाधानाने बघत होती की मीही क्षणभर म्हटलं, चांगलं सुचलं.

मुलीने हे बघितलं. आधी ती हसली. "काकू, आता तुम्ही सगळे ते हवेतून घेऊन राहिले," ती म्हणाली, आणि कूलरसमोर बसलेले लोक जागच्या जागी सरकले. मग तिचं हसू थांबलं. तिने कॅन उचलून हलवून बघितला. तळाशी थोडंसं पाणी होतं. तिने कॅन परत मूर्तीच्या टेबलाखाली ठेवला आणि ती वर निघून गेली. जेवायला आली नाही. मी ताट घेऊन गेले तर म्हणाली, भूक नाही. मी म्हटलं, लोक अडाणी असतात, मनावर घेऊ नको. तिने विचारलं, "कोणते लोक?" मी ताट झाकून ठेवलं.

संध्याकाळी पाहुणे पांगले. उन्हाची धग भिंतीतून अजून बाहेर येत होती. मामाजी खाटेवर उठून बसले आणि त्यांनी नातीला हाक मारली. ती आली. त्यांनी विचारलं, "ते पानी उरलं का, माय?"

"थोडंसं आहे, आबाजी."

"मंग दे. वाटीत नको. गिलासात दे, भरून."

ती जागची हलेना. मी स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आले. मी त्यांना म्हटलं की सकाळी तर तुम्हीच वाटी सारली.

"वाटीनं माही तहान भागते का?" ते म्हणाले. "डॉक्टरनं पानी बांधून देल्लं. सकायी वाटी घेतली असती, औषधाच्या दोन गोया गियल्या असत्या, वरून तुमी दिवसभर पाजत राह्यले असते. मंग तिचं पेयाले जागा उरली असती का? म्हटलं, आज दुसरं कोनतंच नाही. दिवस उतरू द्या, एक अख्खा गिलास तिचाच पेऊ."

मी खाटेजवळची स्टीलची बाटली उचलली. ती सकाळी भरली तशीच जड होती. मे महिन्याच्या उन्हात, घरभर माणसं आणि भट्टीसारखा दिवाणखाना, आणि हा म्हातारा माणूस सकाळपासून कोरडा बसला होता. मला एवढा राग आला की मी त्यांच्यावर ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदा. म्हटलं, चक्कर येऊन पडला असता म्हणजे? अन् सकाळी एका शब्दाने सांगितलं का नाही? तुमच्याकडे बघून सगळ्यांनी हात आखडले!

"मले कोनं इचारलं?" मामाजी म्हणाले.

कोणीच विचारलं नव्हतं. त्यांच्या एका मान हलवण्याचा अर्थ सगळ्या घराने आपापल्या भीतीप्रमाणे लावला होता, आणि सगळ्यात आधी मी.

मुलीने कॅन उलटा करून ग्लास भरला. बरोबर काठापर्यंत आला. ती तो दोन्ही हातांनी धरून आली, तरी थोडं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलंच. मामाजींनी धोतराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ते मिशीत हसले. मग प्यायले. सावकाश, मधे थांबून, डोळे मिटून. पाणी असं पिताना मी कोणाला बघितलेलं नाही. मुलगी त्यांच्या पायाशी फरशीवर बसली होती आणि रडत होती, आणि आपण ते बघितलं हे तिला कळू नये म्हणून मामाजी ग्लास तोंडासमोरून काढत नव्हते.

"कसं आहे, आबाजी?"

"काईच लागत नाही," ते म्हणाले. मग ग्लास हातात फिरवत म्हणाले, "म्या समुद्र नाही पाह्यला कधी."

त्यांनी ग्लास खाली ठेवला तेव्हा तो कोरडा होता. कॅनही कोरडा होता. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि कॅनचं झाकण लावलं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्यासरशी स्वतःचा इतका संताप आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासायला घेतली. आता प्यायचं ठरवलं तरी काय पिणार होते मी?

सकाळी जावेचा फोन आला. मामाजींनी अख्खा ग्लास घेतला ही बातमी तिची तोवर सगळीकडे पोचवून झाली होती. ती हळूच म्हणाली, "वं ताई, आहे का थोडंसं? आमच्या इकडच्या बाया विचारून राहिल्या." मी सांगितलं, होतं ते तू कूलरला पाजलंस. ती पलीकडून बराच वेळ हळहळत होती.

मुलीची सुट्टी संपली. मी तिला स्टेशनवर सोडायला गेले. दशम्या, भिवापूरच्या मिरचीचा ठेचा आणि घरच्या माठातलं पाणी भरलेली बाटली अशी पिशवी बांधून दिली होती. गाडीला उशीर होता. फलाटावर गरम वारा वाहत होता आणि आम्ही दोघी पंख्याखालच्या बाकावर बसलो होतो. मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. मला सगळं समजलेलं आहे, कुकरचंही समजलेलं आहे, आणि तरी गिळता येत नाही, तर यात तुझ्यावरचा अविश्वास किती आणि माझा भित्रेपणा किती हे माझं मलाच कळत नाही, असं काहीतरी. त्याऐवजी मी तिला विचारलं की ठेचा गळणार नाही ना.

तिने पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि गटागटा प्यायली. थेट अर्ध्यापर्यंत. मी बघत राहिले. पाणी कुठलं आहे, नळाचं की बोअरचं, गाळलं आहे का, कधी भरलं, तिने काही म्हणजे काही विचारलं नाही. जन्मापासून तिने मला कधीच विचारलेलं नाही.

मी तिच्या हातातून ती बाटली घेतली आणि उरलेलं पाणी प्यायले. सगळं, शेवटच्या घोटापर्यंत. काही अंगावरही सांडलं. ती आधी दचकली, मग तिला कळलं, आणि ती मोठ्याने हसली. आजूबाजूचे लोक बघायला लागले.

"हे हिशेबात नाही धरत, आई," ती म्हणाली. "हे तुझंच पाणी आहे. तिथं ये."

गाडी लागली. ती दारात उभी राहिली, रिकामा निळा कॅन हातात घेऊन. तो तिने टाकला नव्हता, परत नेत होती. मी खालून ओरडून म्हटलं, येते, पुढच्या सुट्टीत येते, तिथं येऊन पिते. गाडीच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ती हात हलवत होती.

घरी आले तर मामाजी खाटेवर जागेच होते. मी त्यांची बाटली भरून ठेवली आणि सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे जाणार आहे. ते म्हणाले, "मी बी येतो." मी हो म्हटलं. हो म्हणतानाही मला भीती वाटत होती, आणि अजूनही वाटते. तिकीट मात्र दोघांचं काढलं आहे.